अक्षरांवरच्या खुणा: फॉन्ट करताना तुम्ही त्या कशा बसवता?

बोरू:
नमस्कार मंडळी. दोन वर्षांपासून फावल्या वेळात एक फॉन्ट करतोय, देवनागरी आणि रोमन दोन्ही लिप्यांचा. देवनागरीचं बरंचसं मार्गी लागलंय, रोमनची साधी अक्षरंही झाली. अडलंय ते युरोपातल्या भाषांच्या खुणांपाशी. (रोमन अक्षरं इथे मुद्दाम नावानेच लिहितो, म्हणजे कुणाच्या पडद्यावर रिकामे चौकोन दिसायला नकोत.)

मी एक तिरकी रेघ, एक टोपी, दोन टिंबं, एक शेपटी अशा दहा-बारा खुणा काढल्या आणि प्रत्येक अक्षराच्या मधोमध बसवायचं काम सॉफ्टवेअरवर सोपवलं. अर्ध्या तासात दीडशेवर अक्षरं तयार! त्या आनंदात पोलिश भाषेतला एक परिच्छेद छापला आणि सोबत काम करणाऱ्या एका पोलिश बाईंना दाखवला. त्यांनी पेन्सिल घेतली आणि एकही शब्द न बोलता सात गोल काढले. सातही ठिकाणी तीच तिरकी रेघ. म्हणाल्या, "वाचता येतंय. पण हे आमचं नाही, हे फ्रेंच आहे."

तेव्हापासून स्वस्थता नाही. एकच खूण सगळ्या भाषांना चालत नसेल तर किती भाषांसाठी वेगळी काढायची? आणि थांबायचं कुठे?

शिरोरेषा:
बाईंचं शंभर टक्के बरोबर आहे. पोलिश भाषेत त्या रेघेला 'क्रेस्का' म्हणतात. फ्रेंच अक्यूटपेक्षा, म्हणजे त्यांच्या चढत्या रेघेपेक्षा, ती जास्त उभी असते आणि अक्षराच्या मध्यापासून जराशी उजवीकडे बसते. फ्रेंच रेघ आडवी पसरलेली चालते, कारण ती फक्त 'ई'वर येते. पोलिशमध्ये ती 'सी', 'एन', 'एस', 'झेड' आणि 'ओ' यांच्यावर येते. 'झेड'वर आडवी रेघ ठेवून बघ, अक्षराच्या वरच्या पट्टीला समांतर जाऊन टोपणासारखी दिसते.

अडचण अशी की युनिकोडात, म्हणजे संगणकासाठी प्रत्येक अक्षराला क्रमांक देणाऱ्या मानकात, दोघांचा क्रमांक एकच. म्हणजे मार्ग दोन उरतात. एकतर दोन्हींच्या मधला उतार घ्यायचा, नाहीतर पोलिशसाठी वेगळी अक्षरं काढून ती ओपनटाइप या फॉन्ट-प्रकारातल्या 'लोकल फॉर्म्स'मध्ये, म्हणजे भाषेनुसार बदलणाऱ्या रूपांत, घालायची. मजकुराची भाषा पोलिश अशी नोंदवली असेल तर ती आपोआप येतात. मी आधी मधला उतार करून बघेन, पण तो त्याच बाईंना दाखवूनच पक्का करेन.

चंद्रबिंदू:
मराठी माणसाला हे वेगळं समजावून सांगायला नको खरं तर. आपले 'ल' आणि 'श' घ्या. मराठीत 'ल'च्या दोन पाकळ्या आणि 'श'चं गाठीचं डोकं आपण शाळेत गिरवलं, हिंदीत दोन्ही वेगळे. युनिकोड क्रमांक तोच. कितीतरी फॉन्टांत दोन्ही रूपं असतात, पण पानाची भाषा मराठी अशी नोंदवलेली नसली की हिंदी रूप पुढे येतं. वाचता येतं का? येतं. आपलं वाटतं का? मला तरी नाही. त्या बाईंच्या सात गोलांमागे हेच दुखणं आहे.

वाचनवेडा:
थोडा विरोध नोंदवतो. वाचता येतंय असं त्या स्वतःच म्हणाल्या. मग एवढा खटाटोप कशासाठी? रेघ दोन अंश इकडे की तिकडे, हे वाचकाला कुठे कळतं? एकट्या माणसाने फावल्या वेळात करायचा फॉन्ट आहे, त्याला पूर्ण होऊ द्या.

शिरोरेषा:
@वाचनवेडा, कोनाबद्दल एक वेळ मान्य करेन. पण खूण चुकली तर 'ध'चा 'मा' व्हायला वेळ लागत नाही. चिता आणि चिंता यांत फरक एका टिंबाचाच, हे सुभाषित आपण लहानपणापासून ऐकतो. फ्रेंचमध्ये मोठ्या अक्षरांवरच्या खुणा गाळायची सवय बरीच वर्षं होती, त्यात टंकयंत्राचाही हात होता. अधिवेशनाच्या सभागृहाला ते 'पाले दे काँग्रे' म्हणतात. हे सगळं मोठ्या अक्षरांत लिहून 'ई'वरची रेघ गाळली की त्याचा अर्थ होतो 'वाम माशांचा महाल'! फ्रेंच अकादमीचं म्हणणं आहे की मोठ्या अक्षरांवरही खुणा द्यायलाच हव्यात. त्यामुळे @बोरू, मोठ्या अक्षरांच्या खुणा विसरू नकोस, आणि लहान अक्षरांच्याच उचलून वर ठेवू नकोस. त्या बुटक्या आणि थोड्या पसरट काढाव्या लागतात, नाहीतर वरच्या ओळीत घुसतात.

गंधगोळी:
वाम माशांचा महाल 😄 आज दिवसभर हेच आठवणार.

टाकसाळ:
चेक आणि स्लोव्हाकबद्दल कुणी बोललं नाही म्हणून लिहितो. मला सगळ्यात जास्त छळलं ते यांनी.

या भाषांत उलटी टोपी असते, कॅरन. 'सी', 'एस', 'झेड' यांच्यावर ती सरळ टोपीसारखीच बसते. पण लहान 'डी', 'टी' आणि 'एल' ही उंच अक्षरं, त्यांच्या डोक्यावर जागाच नाही. म्हणून तिथे ती अक्षराच्या उजव्या खांद्याला चिकटलेल्या एका छोट्या फराट्यासारखी होते. नवखा माणूस तिथे अपॉस्ट्रॉफी (वरचा स्वल्पविराम) आणून ठेवतो. मीही ठेवली होती. अपॉस्ट्रॉफी गोल डोक्याची, जाड, आणि आजूबाजूला आपली हवा घेऊन येणारी. ती ठेवली की एका शब्दाचे दोन शब्द दिसतात.

चेकमध्ये 'होडी'साठी एक शब्द आहे, त्यात हा फराटेवाला 'डी' आणि लगेच 'के' येतो. फराटा जरा लांब गेला की 'के'च्या दांड्यावर आपटतो. म्हणून 'के'ला दूर ढकललं तर शब्दाच्या मधोमध भोक पडतं. शेवटी मी फराटा उभा, बारीक आणि जवळपास पाचरीसारखा केला, 'डी'च्या दांड्याशी इतका जवळ की जोडलाच जाईल असं वाटावं. मग कुठे शब्द एकसंध दिसला. आणखी एक गंमत: मोठ्या 'डी' आणि 'टी'वर नेहमीची उलटी टोपीच येते, पण स्लोव्हाकच्या मोठ्या 'एल'ला मात्र फराटा! सॉफ्टवेअरला हे आपण सांगितल्याशिवाय कळत नाही.

बोरू:
@टाकसाळ, आत्ताच फाइल उघडून पाहिली. माझ्याकडे अपॉस्ट्रॉफीच आहे. तिन्ही ठिकाणी.

टाकसाळ:
अरे, मग बदल आजच. तिथेच सगळ्यात आधी नजर जाते.

निळी_शाई:
रुमानियन लोकांचं दुःख याहून जुनं आहे. त्यांच्या 'एस' आणि 'टी'खाली स्वल्पविराम असतो, अक्षरापासून सुटा. तुर्कीत 'एस'खाली सेडिल्ला, म्हणजे अक्षराला चिकटलेली वळणदार शेपटी. दुरून सारख्या दिसतात म्हणून जुन्या संगणकी मानकांनी दोन्ही एकच धरल्या. १९९९ साली युनिकोड ३.० आलं तेव्हा स्वल्पविरामवाल्या अक्षरांना स्वतःचे क्रमांक मिळाले, पण नेहमीच्या फॉन्टांत ती यायला आणखी काही वर्षं गेली. मधल्या काळात काही फॉन्टांत 'एस'ला शेपटी आणि 'टी'ला स्वल्पविराम, एकाच शब्दात दोन जातीच्या खुणा! आजही जुना मजकूर शेपटीत आणि नवा स्वल्पविरामात असतो, त्यामुळे शोधायला गेलं की अर्धंच सापडतं.

म्हणून @बोरू, तुझी 'एक शेपटी' चालणार नाही. सेडिल्ला वेगळी, खालचा स्वल्पविराम वेगळा, आणि पोलिश 'ए', 'ई'ची ओगोनेक तर तिसरीच. ओगोनेक अक्षराच्या अंगातूनच फुटल्यासारखी हवी. मधोमध चिकटवली तर शेपूट राहत नाही, पाय होतो.

गंधगोळी:
लातवियाचा लहान 'जी' राहिला! त्याचा स्वल्पविराम खाली मावत नाही म्हणून उलटा होऊन डोक्यावर बसतो. युनिकोडातल्या नावात मात्र अजून 'सेडिल्ला' आहे.

रेघोटी:
अवांतर: या सगळ्यांना मराठीत नावं देऊया का? अक्यूट = चढती रेघ, ग्रेव्ह = उतरती रेघ, सर्कमफ्लेक्स = टोपी, कॅरन = उलटी टोपी, मॅक्रॉन = पट्टी, टिल्ड = लाट, ब्रेव्ह = ?

चंद्रबिंदू:
ब्रेव्ह म्हणजे आपला चंद्र. 'कॅ'वरचा.

निळी_शाई:
छान आहे, पण चंद्र आणि उलटी टोपी यांची गल्लत होऊ देऊ नका. रुमानियन आणि व्हिएतनामी 'ए'वर गोल चंद्र असतो, चिनीच्या पिनयिनमध्ये, म्हणजे रोमन लेखनात, तिसऱ्या सुरासाठी टोकदार उलटी टोपी. १२ पिक्सेलला दोन्ही एकसारखे होतात. गोल आहे तो खरंच गोल आणि टोक आहे ते खरंच टोक काढलं तरच लहान आकारात फरक टिकतो. पट्टी आणि लाट यांचंही तेच.

पोथीनिष्ठ:
मी फॉन्ट करत नाही, संस्कृत ग्रंथांचं रोमन लिप्यंतर तपासायचं काम करतो. मुद्रितं वाचणाऱ्याच्या बाजूने लिहितो.

लिप्यंतराच्या जुन्या रूढ पद्धतीत 'ऋ'साठी 'आर'खाली टिंब असतं. २००१ च्या आयएसओ १५९१९ या आंतरराष्ट्रीय मानकात तिथे छोटं वर्तुळ आहे. टिंबवाल्या 'आर'ला युनिकोडात स्वतंत्र क्रमांक आहे, वर्तुळवाल्याला नाही. आधी 'आर' टंकायचा आणि मग जोडवर्तुळ. ते कुठे बसायचं हे पूर्णपणे फॉन्टवर अवलंबून.

आता 'कृष्ण' घ्या. 'आर'खाली वर्तुळ, लगेच 'एस'खाली टिंब, लगेच 'एन'खाली टिंब. ओळीने तीन अक्षरं, तिघांच्याही पायाशी खूण. एका पुस्तकाचं मुद्रित हातात आलं. वर्तुळ 'आर'च्या उजव्या कडेला लोंबकळत होतं, निम्मं 'एस'खाली सरकलेलं, आणि 'एस'च्या टिंबाला टेकून आठाच्या आकड्यासारखं झालेलं. शिवाय ते दुसऱ्याच फॉन्टातून आलेलं, म्हणून टिंबांपेक्षा फिकट. चारशे पानांत हा शब्द किती वेळा येतो त्याची कल्पना करा. प्रत्येक जागी मी समासात खूण केली. टंकन करणाऱ्याचा काही दोष नव्हता, त्याने बरोबरच टंकलं होतं. तीन आठवडे गेले आणि शेवटी फॉन्ट बदलावा लागला. नवीन फॉन्टात ओळी वेगळ्या तुटल्या, पानं हलली आणि सूची पुन्हा करावी लागली.

म्हणून माझी कळकळीची विनंती: तयार अक्षरांची यादी पूर्ण झाली म्हणजे काम झालं असं समजू नका. सुट्या खुणाही नीट बसल्या पाहिजेत.

शिरोरेषा:
@पोथीनिष्ठ काका, फार मोलाचा प्रतिसाद. @बोरू, यावर उपाय अँकरचा. प्रत्येक अक्षरावर बिंदू ठरवायचे: वर कुठे, खाली कुठे, शेपटी कुठे. प्रत्येक खुणेवर जोडीचा बिंदू. मग 'मार्क-टू-बेस' नियम दोघांना जुळवतो. खुणेवर खूण चढवायची तर खुणेलाही डोक्यावर अँकर द्यायचा, तो 'मार्क-टू-मार्क'. खुणा जोडून होणाऱ्या अक्षरांना युनिकोड आता नवे स्वतंत्र क्रमांक देत नाही, त्यामुळे ज्या भाषा मागून आल्या त्यांचं सगळं अँकरवर चालतं. योरुबा भाषेत 'ई' आणि 'ओ'खाली टिंब आणि त्याच अक्षरावर सुराची रेघ असते. अशा जोड्यांना तयार क्रमांक नाहीत. अँकर नसले तर कोट्यवधी लोकांची भाषा तुझ्या फॉन्टात मोडकी दिसेल.

'आय' आणि 'जे' विसरू नकोस. वर खूण आली की त्यांचं टिंब जायला हवं, म्हणजे बिनटिंबाची रूपं लागतात.

गंधगोळी:
आणि तुर्कीत बिनटिंबाचा 'आय' हे वेगळंच अक्षर! तिथे टिंबवाला आणि बिनटिंबाचा असे दोन 'आय', आणि दोघांची मोठी रूपंही वेगळी. फॉन्टात 'एफ' आणि 'आय' जोडून एकच आकार केला असेल, तर 'एफ'चा माथा ते टिंब गिळतो. इंग्रजीत ते सुबक दिसतं, तुर्कीत दोन अक्षरांतला फरकच पुसला जातो. तुर्की भाषा नोंदवली असेल तेव्हा ती जोडणी बंद ठेवावी.

वाचनवेडा:
काकांचा प्रतिसाद वाचून मत बदललं. आठाचा आकडा झालेलं ते वर्तुळ डोळ्यांसमोरून जात नाहीये. मला वाटलं होतं हा फक्त सौंदर्याचा प्रश्न आहे.

दौत:
व्हिएतनामी! एवढ्या चर्चेत फक्त चंद्रापुरती आली?

सतराव्या शतकात ख्रिस्ती मिशनऱ्यांनी ती रोमनमध्ये लिहायला घेतली. अलेक्झांडर द रोड यांचा शब्दकोश १६५१ साली रोममध्ये छापला गेला. भाषेत सहा सूर, त्यांतल्या पाचांना खुणा. त्याखेरीज स्वर वेगळे दाखवायला टोपी, चंद्र आणि 'ओ', 'यू'च्या उजव्या खांद्याला फुटणारं शिंग. साध्या इंग्रजी वर्णमालेपलीकडे ६७ अक्षरं, लहान-मोठी धरून १३४.

खरी परीक्षा टोपीवर सूर चढतो तेव्हा. सरळ एकावर एक रचलं तर मनोरा होतो आणि मोठ्या अक्षरांत थेट वरची ओळ गाठतो. म्हणून टोपी थोडी चपटी करायची आणि चढती रेघ तिच्या उजव्या उतारावर टेकवायची, खांद्याला खांदा लावून. मी हे ठळक वजनात करताना महिनाभर अडकलो होतो. रेघा जाड झाल्या की मधली पांढरी फट बुजते आणि टोपी व रेघ यांचा एकच काळा गोळा होतो. तेव्हा उमगलं की खुणेची जाडी अक्षराच्या जाडीबरोबर त्याच प्रमाणात वाढवायची नसते, हात आखडता घ्यावा लागतो. आधी पांढरं राखायचं, मग काळं भरायचं.

मी तर म्हणेन सुरुवातच व्हिएतनामीपासून कर. तिथे उंची ठरली की बाकी सगळ्यांना जागा मिळते. उलट क्रमाने गेलास तर शेवटी सगळी मोजमापं पुन्हा.

टाकसाळ:
दौत यांना +१. आणि फॉन्टच्या उंचीच्या नोंदी नीट भर. विंडोजवर काही प्रोग्रॅम 'विन असेंट'च्या, म्हणजे फॉन्टात नोंदवलेल्या वरच्या मर्यादेच्या, वर गेलेलं सरळ कापतात. डोक्यावरची रेघ छाटलेली दिसली की आकार चुकला असं वाटत राहतं. आकार बरोबर असतो, नोंद चुकलेली असते.

लेखणी:
ग्रीक करणार असशील तर एवढं ध्यानात ठेव: १९८२ पासून तिथे एकाच आघातचिन्हाची सोपी पद्धत आहे. शब्द मोठ्या अक्षराने सुरू झाला तर ते चिन्ह अक्षराच्या डोक्यावर नाही, डावीकडे बसतं. पूर्ण शब्द मोठ्या अक्षरांत असला तर गळतं. म्हणजे फ्रेंचच्या बरोबर उलट.

चंद्रबिंदू:
या सगळ्यात देवनागरी मार्गी लागली म्हणतोस, तिची परीक्षा घेतलीस का? 'मूर्तींना' छापून बघ. 'त'वर रफार, वेलांटी आणि अनुस्वार तिघे एकाच जागी येतात. अनुस्वार वेलांटीच्या कमानीत अडकतो की रफाराच्या पोटात जातो, ते बघ. मग 'कार्यकर्त्यांनी'. मग 'दऱ्या'. तिथे रफार नको, 'र'चं अर्धं रूप हवं, नाहीतर दऱ्यांचा दर्या होतो.

'ॲ'सुद्धा बघ. २००८ च्या युनिकोड ५.१ मध्ये त्याला स्वतःचा क्रमांक मिळाला, पण बरेच जण अजून 'अ' टंकून वर चंद्र देतात. दोन्ही प्रकारे टंकलेलं सारखंच दिसायला हवं.

रेघोटी:
यावरून आठवलं! हंगेरियन लोकांकडे चाचणीसाठी दोन शब्द आहेत, त्यांत त्यांचे खुणांवाले नऊच्या नऊ स्वर येतात. अर्थ होतो 'पुराला दाद न देणारं, आरशाला भोक पाडणारं यंत्र'. तिथे दोन टिंबं आणि दोन रेघा ही वेगवेगळी अक्षरं आहेत आणि या दोन शब्दांत दोन्ही शेजारी-शेजारी दिसतात. आपल्याकडे असं एखादं वाक्य हवं.

चंद्रबिंदू:
हे चालेल का: "दऱ्याखोऱ्यांतल्या मूर्तींचे फोटो कार्यकर्त्यांनी शर्थीने मिळवून ऑक्टोबरात ॲल्बममध्ये लावले."

रेघोटी:
चालेल काय, पळेल! 'ल' आणि 'श'सुद्धा आले.

पोथीनिष्ठ:
त्यात 'हृदय' आणि 'रूप' घाला. 'हृ' आणि 'रू' दोन्हींत खूण नेहमीच्या जागी बसत नाही.

बोरू:
तीन आठवड्यांनी येतोय. सगळ्यांचे प्रतिसाद छापून टेबलासमोर लावले होते.

थांबायचं कुठे या माझ्या प्रश्नाचं उत्तर असं काढलं: भाषांची यादी आधी ठरवली. ज्या भाषेचा एकही वाचक मला पान तपासून देणार नाही, ती तूर्त यादीत नाही. यादीत उरल्या त्या पोलिश, चेक, स्लोव्हाक, फ्रेंच, व्हिएतनामी आणि संस्कृत लिप्यंतर. काका, तुमचा 'कृष्ण' मी तपासणीचा पहिला शब्द केलाय. वर्तुळ आणि दोन्ही टिंबं आता एका ओळीत आणि एकाच जाडीची आहेत.

दौत, तुमचं ऐकून व्हिएतनामीपासून सुरुवात केली आणि त्यापायी ओळींमधलं अंतर वाढवावं लागलं. नवल म्हणजे त्याने 'मूर्तींना'लाही मोकळी जागा मिळाली. आधी अनुस्वार वेलांटीला टेकत होता आणि माझ्या लक्षातही आलं नव्हतं.

पोलिशसाठी वेगळी क्रेस्का काढली. मधला उतारही करून पाहिला होता. त्या बाईंनी दोन्ही पानं शेजारी ठेवून वेगळीचंच पान उचललं. साध्या वजनात एकही गोल नाही. ठळक वजनात एक आहे, मोठ्या 'एस'वर. रेघ 'एस'च्या कमानीला जवळजवळ शिवतेय. वर उचलली तर उंचीच्या नोंदीबाहेर जाते.

शिरोरेषा:
उचलू नकोस. मोठ्या अक्षरापुरती रेघ थोडी आडवी कर आणि तिचं खालचं टोक निमुळतं कर. मोठ्या अक्षरांवर क्रेस्का जरा पडलेली असली तरी पोलिश डोळ्याला खटकत नाही. आणि दौत म्हणाले तसं, आधी पांढरं राख.

बोरू:
केलं. फट दिसायला लागली. उद्या बाईंकडे नेतो.